निरवानिरवीचे कर्तव्य

मुलगी पाळण्यात असते तेव्हापासून तिच्या लग्नाची काळजी वाहणारे आम्ही लोक. वहीपूजनाचा मुहूर्त महिनाभर आधी काढून ठेवणारे, आणि चार दिवसांच्या प्रवासास निघताना दूधवाल्यापासून भाडेकरूपर्यंत सर्वांस सूचना देऊन जाणारे. परंतु जो प्रवास आजवर कोणासही चुकलेला नाही, त्याच्या आधी करावयाची निरवानिरव मात्र आम्ही अखेरच्या घटकेवर ढकलतो. मृत्युपत्र हा शब्द घरात कोणी काढला तर 'शुभ बोल रे नाऱ्या' म्हणून त्याचे तोंड बंद करण्यात येते. परिणाम असा होतो की, ज्या गृहस्थाने चाळीस वर्षे पैपैचा हिशेब ठेवला, त्याच्या पश्चात काय कोठे आहे, कोणाचे देणे आहे आणि कोणाचा वाटा किती, हे त्याच्याच मुलामाणसांस ठाऊक नसते. तेराव्याचे गोड जेवण आटोपते न आटोपते, तोच भाऊबंदकीचा कडू अध्याय सुरू होतो.

या विषयावर लिहिण्यास एक निमित्त घडले आहे. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने निरसन व दुरुस्तीचा कायदा मंजूर करून १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातील २१३ वे कलम काढून टाकले. या कलमाचा अर्थ थोडक्यात असा होता की, मुंबई, कलकत्ता किंवा मद्रास येथील हायकोर्टांच्या मूळ अधिकारक्षेत्रात केलेले, अथवा तेथील स्थावर मिळकतीविषयीचे हिंदूचे मृत्युपत्र असेल, तर त्यावर आधी कोर्टाचे प्रोबेट, म्हणजे ते खरे असल्याबद्दलचे प्रमाणपत्र, मिळविल्यावाचून त्यातील हक्क कोणत्याही न्यायालयात शाबीत करता येत नसे. याचे मूळ १८७० च्या हिंदू मृत्युपत्रांच्या कायद्यात होते. तो कायदा बंगाल प्रांत आणि मद्रास व मुंबई ही शहरे यांपुरता केलेला होता. इंग्रजांची वखार जेथे मोठी, तेथे कोर्टाचा दरारा मोठा, असा तो सारा प्रकार. गिरगावातील घराविषयीच्या मृत्युपत्रास हायकोर्टाची पायरी चढावी लागे, आणि ठाण्यातील घराविषयीच्या मृत्युपत्रास ती लागत नसे. शिवाय ही सक्ती हिंदू, शीख, जैन, बौद्ध व पारशी यांस होती, मुसलमानांस नव्हती. एका राष्ट्रात गावाप्रमाणे आणि धर्माप्रमाणे पुराव्याचा नियम बदलावा, यात न्याय तो कोठला? ती सक्ती गेली, हे चांगले झाले.

परंतु सक्ती गेली म्हणजे जबाबदारी गेली, असे समजून जे आनंदित झाले असतील त्यांस आम्ही वेळीच सावध करू इच्छितो. प्रोबेट मागण्याची वाट बंद झालेली नाही. ज्यास ते हवे त्यास ते आजही मागता येते, आणि जेथे घरात वाद आहे तेथे ते मागणेच शहाणपणाचे आहे. मृत्युपत्र शाबीत करण्याचे ओझे तर पूर्वीइतकेच जड आहे. करणाऱ्याची सही किंवा अंगठा, आणि ती सही होताना ज्यांनी पाहिली अथवा ती आपली असल्याचे त्याने ज्यांच्यापाशी कबूल केले अशा निदान दोन साक्षीदारांच्या त्याच्या समक्ष केलेल्या सह्या, हा १९२५ च्या कायद्याच्या ६३ व्या कलमाचा नियम कायम आहे. साक्षीदार हयात असेल तर त्यांपैकी एकास तरी कोर्टात उभे करावेच लागते. मृत्युपत्र नोंदविलेले आहे एवढ्याने ती साक्ष टळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ सालीच सांगून ठेवले आहे की, मृत्युपत्राभोवती संशयाची वलये असतील तर ती दूर करण्याचा भार ते पुढे करणाऱ्यावरच पडतो. पूर्वी मुंबईत ही परीक्षा आरंभीच होत असे. आता ती दहा वर्षांनी, साक्षीदार वारल्यावर, घर विकावयास काढल्यावर होण्याचा संभव आहे. तेव्हा कोर्टाने जी काळजी सक्तीने घ्यावयास लावली होती, ती यापुढे मृत्युपत्र करणाऱ्याने आपण होऊन घेतली पाहिजे.

अखेरच्या घटकेस केलेल्या मृत्युपत्राचा काय परिणाम होतो, याचे उदाहरण शोधण्यास आम्हांस पुण्याबाहेर जावयास नको. सरदार बाबामहाराज पंडित हे ७ ऑगस्ट १८९७ रोजी वारले. मरणाच्या उंबरठ्यावर त्यांनी मृत्युपत्र करून लोकमान्य टिळक, दादासाहेब खापर्डे प्रभृति मंडळींस विश्वस्त नेमले. त्यांची पत्नी ताईमहाराज त्या वेळी अगदी तरुण आणि गरोदर होती. पुढे जन्मलेला मुलगा थोड्याच दिवसांत वारला, दत्तक घेण्याचा प्रसंग आला, आणि कोणता दत्तक खरा यावरून जो वाद पेटला तो केवळ दिवाणी राहिला नाही. टिळकांवर फौजदारी खटला झाला, खालच्या कोर्टात त्यांस शिक्षाही झाली, आणि १९०४ साली मुंबई हायकोर्टाने त्यांस निर्दोष ठरविले. दत्तकाच्या वादाचा शेवट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलात १९१५ साली झाला. एका रात्री लिहिलेल्या कागदाचा उलगडा होण्यास जवळजवळ अठरा वर्षे लागली! विश्वस्त तर असे की, त्यांच्याहून थोर माणसे त्या काळी महाराष्ट्रात शोधूनही सापडली नसती. दोष माणसांचा नव्हता, घाईचा होता. जिच्या हातून दत्तकविधान व्हावयाचे तिचे मन आणि विश्वस्तांचे मत यांत अंतर पडले तर काय करावे, याची तोड मरणशय्येवर लिहिलेल्या कागदात कोठून असणार?

कोणी म्हणेल, आमच्या घरी सरदारकी नाही. दोन खोल्या, थोड्या ठेवी आणि एक दुकान. आमच्या पश्चात कायदा काय तो पाहून घेईल. ठीक आहे, कायदा काय पाहतो ते पाहू. एखादा हिंदू गृहस्थ मृत्युपत्र न करता वारला आणि त्याच्या मागे आई, पत्नी, एक मुलगा आणि दोन मुली राहिल्या, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीचे पाच सारखे वाटे होतात. आईस एक, पत्नीस एक, मुलास एक आणि प्रत्येक मुलीस एक. हे किती घरांत ठाऊक आहे? बाप वारला की सर्व मुलाचे, असे मुलगा समजतो. सर्व आपले, असे पत्नी समजते. आणि म्हाताऱ्या आईचाही वाटा असतो, हे तर ती स्वतःसुद्धा समजत नाही. ज्या घरात राहावयाचे तेच घर पाच वाट्यांत फुटते, आणि एकाने सही नाकारली की सर्वांचे काम अडते. मग वारसाचा दाखला मिळविण्यासाठी १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनाखाली अर्ज, येणी व रोखे यांसाठी उत्तराधिकार प्रमाणपत्राचा दुसरा अर्ज, अशा खेपा सुरू होतात. एल्फिन्स्टनसाहेबाच्या अमदानीतील ते रेग्युलेशन अद्याप आमच्या वारसांस पुरून उरले आहे, यावरून आमच्या लोकांच्या निरवानिरवीची कल्पना यावी.

दुसरा मोठा गैरसमज नॉमिनीविषयी आहे. बँकेच्या कागदावर मुलाचे नाव घातले की पैसा मुलाचा झाला, असे पुष्कळ शहाणे व्यापारीही समजतात. नॉमिनी हा घेणारा हात आहे, मालक नव्हे. पैसे कोणाच्या हाती दिले असता बँकेची किंवा संस्थेची जबाबदारी संपते, एवढेच त्या नावाने ठरते. मिळकत कोणाची हे मृत्युपत्राने, आणि ते नसेल तर वारसाच्या कायद्याने ठरते. कंपन्यांच्या भागांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या डिसेंबरात हेच सांगितले, आणि गृहनिर्माण संस्थेतील घराची गोष्टही वेगळी नाही. विम्याच्या रकमेपुरता २०१५ च्या दुरुस्तीने आईबाप, पतिपत्नी आणि मुले यांच्यासाठी अपवाद केलेला आहे, तो ध्यानात ठेवावा. ज्यांचा भागीदारीत धंदा आहे त्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. करारात निराळे लिहिलेले नसेल, तर १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे एका भागीदाराच्या मृत्यूने भागीदारीच मोडते. पिढ्यान्‌पिढ्या चाललेली पेढी एका वाक्याच्या अभावी बंद पडावी, ही व्यापाऱ्यास लाज आणणारी गोष्ट होय.

आता आम्ही या विषयाच्या गाभ्याकडे वळतो. मुलींस वाटा देण्याच्या बाबतीत महाराष्ट्र पुष्कळ प्रांतांच्या पुढे होता. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील नीलकंठभट्टांच्या 'व्यवहारमयूखा'च्या आधारे मुंबई इलाख्यात बहिणीस वारसांत स्थान मिळाले, तसे ते इतरत्र सहजासहजी मिळाले नाही. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीस मुलाप्रमाणे जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली. तिचा लाभ त्या वर्षीच्या २२ जूनपूर्वी लग्न झालेल्या मुलींस मात्र दिला नाही. संसदेने ९ सप्टेंबर २००५ पासून विवाहित-अविवाहित हा भेद मोडून तो हक्क सर्व देशात दिला, आणि तो हक्क जन्माचा असल्यामुळे त्या तारखेस बाप हयात असण्याची जरुरी नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. कायद्याची गाडी इतकी पुढे आली आहे. आणि आमची घरे? तेथे बाप वारला की बहिणीपुढे हक्कसोडपत्र येते. भाऊ म्हणतो, "ताई, येथे सही कर". वहिनी चहा आणते. आणि माहेरचे दार उघडे राहावे म्हणून ताई सही करते. बहिणीने खुशीने हक्क सोडला तर आमचे म्हणणे काही नाही. परंतु भाऊबीजेच्या ओवाळणीच्या मोबदल्यात घराचा वाटा घेणे, यास खुशी हे नाव देणे शोभत नाही.

जेथे हक्कसोडपत्राने काम भागत नाही तेथे मृत्युपत्राचे शस्त्र काढले जाते. १९५६ च्या कायद्याने वाटा देण्यास जसा आरंभ केला, तसे ३० व्या कलमाने मृत्युपत्राने हवे त्यास हवे ते देण्याचे संपूर्ण स्वातंत्र्यही हिंदूस दिले. त्यापूर्वी मिताक्षर कुटुंबातील सहभागीदारास आपला अविभक्त हिस्सा असा लिहून देता येत नसे. पुष्कळ बाप या स्वातंत्र्याचा उपयोग कसा करतात? 'मुलीच्या लग्नात भरपूर खर्च केला आहे, सबब तिला काही देणे नाही' या एका ओळीने मुलीचा निकाल लावतात. मांडवावर, बँडावर आणि व्याह्यांच्या मानपानावर उधळलेला पैसा मुलीच्या नावे मांडणारी ही कोणती खतावणी? एकत्र मिळकतीत मुलीचा जो स्वतःचा हिस्सा आहे तो बापास लिहून देता येतच नाही, हे खरे. परंतु त्याच्या स्वतःच्या मिळकतीतून मुलीस, एवढेच काय पत्नीसही, वगळण्यास कायद्याची आडकाठी नाही. विधवा, अविवाहित मुलगी किंवा वृद्ध मातापिता यांस फार तर अन्नवस्त्राचा दावा उरतो. जिने त्या घरात तीस वर्षे चूल पेटती ठेवली, तिने त्याच घराकडे अन्नवस्त्र मागावे, याहून मोठी विटंबना कोणती?

सर्वत्र असेच असते असे मात्र नाही. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेला, आणि आता २०१२ च्या गोवा उत्तराधिकार कायद्यात घातलेला नियम असा आहे की, मुले असतील तर मनुष्यास आपल्या मिळकतीपैकी अर्ध्याचीच व्यवस्था मृत्युपत्राने मनाप्रमाणे करता येते. उरलेली अर्धी मुलगे आणि मुली यांच्यासाठी राखलेली असते. मुसलमानी कायद्यातही एकतृतीयांशाहून अधिक मिळकत वारसांच्या संमतीवाचून लिहून देता येत नाही. आपल्या कमाईवर आपला हक्क ही गोष्ट आम्हांस मान्य आहे. परंतु पत्नी आणि मुलगी यांचा काही एक वाटा कोणाच्याही लहरीने बुडू नये, अशी मर्यादा हिंदू कायद्यातही असली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. तशी मर्यादा येईल तेव्हा येवो. तोपर्यंत ती प्रत्येक बापाने आपल्या लेखणीस स्वतः घालून घ्यावी.

येथवर पुरुषांस सांगितले. आता स्त्रियांस दोन शब्द. मृत्युपत्र हे पुरुषाने करावयाचे, आपल्यापाशी आहे काय, असे म्हणणाऱ्या भगिनींनी २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेले एक प्रकरण अवश्य ऐकावे. एका मुलीस लग्नानंतर तीन महिन्यांतच वैधव्य आले आणि सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. आईबापांनी तिला शिकविले. ती नोकरीस लागली आणि जन्मभर स्वतःच्या पायांवर उभी राहिली. १९९६ साली ती मृत्युपत्र न करता वारली. मागे बँकेतील ठेवी आणि भविष्यनिर्वाह निधी राहिला. तो पैसा कोणास मिळावा? जिने तिला उभे केले त्या आईस, असे कोणीही सांगेल. परंतु निपुत्रिक विधवेच्या स्वकष्टार्जित मिळकतीस आधी पतीचे वारस आणि मागाहून तिचे आईबाप, असा १५ व्या कलमाचा क्रम असल्यामुळे, ज्या घराने तिला हाकलले त्या घरच्या वारसांच्या पदरी तिची आयुष्यभराची कमाई पडली. न्यायाधीशांस हळहळ वाटली, परंतु कायद्याची अक्षरे हळहळीने बदलत नाहीत. विधि आयोगाने २००८ च्या आपल्या २०७ व्या अहवालात हे कलम सुधारण्याची शिफारस केली होती. २०२५ अखेरपर्यंत ती कायद्यात उतरली नव्हती. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानेच, हिंदू स्त्रियांनी मृत्युपत्रे करावी, असे आवर्जून सांगितले. त्या बाईने दोन साक्षीदारांसमक्ष चार ओळी लिहून ठेवल्या असत्या, तर तिच्या म्हाताऱ्या आईस कोर्टाचे दार ठोठवावे लागते ना. म्हणून शिक्षिका, परिचारिका, कारकून, डॉक्टर, शिवणकाम करून चार पैसे बाजूस टाकणारी गृहिणी, या सर्वांस आमचा आग्रह आहे की, आपल्या कमाईचे शेवटचे वाक्य आपणच लिहावे. ते दुसऱ्यावर सोडू नये.

हे काम अवघड नाही, आणि त्यास फार पैसाही लागत नाही. मृत्युपत्रास मुद्रांक लागत नाही. साधा कागद चालतो आणि मराठी भाषा उत्तम चालते. नोंदणी ऐच्छिक असली तरी ती करावी, कारण कागद हरवला किंवा कोणी दडविला तरी नोंद राहते. लखोटा मोहोरबंद करून जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याची सोयही १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. साक्षीदार आपल्याहून तरुण, ओळखीचे आणि मिळकतीत हितसंबंध नसलेले असावे. वय झाले असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टराचा दाखला जोडावा. मिळकतीचे वर्णन, देणी आणि येणी स्पष्ट लिहावी. सर्व व्यवस्था पार पाडण्यासाठी एक व्यवस्थापक, ज्यास कोर्टात एक्झिक्युटर म्हणतात, नेमावा आणि त्यास आधी विचारावे. एखाद्यास कमी दिले असेल तर त्याचे कारण लिहावे. कारणासहित कमी दिलेले मनुष्य सोसतो, मुकाट्याने कमी दिलेले त्याच्या मनात सलत राहते. आणि एकदा लिहिले म्हणजे हात बांधले गेले, असे नाही. शुद्ध असेपर्यंत मृत्युपत्र केव्हाही बदलता येते. म्हातारपणी मुलांच्या गोड बोलण्यास भुलून बक्षीसपत्र करून देणाऱ्यांनी हा भेद नीट ध्यानात घ्यावा. बक्षीसपत्राने घर आजच जाते. मृत्युपत्राने ते आपण असेपर्यंत आपलेच राहते.

राहिला शेवटचा आक्षेप. असे लिहून ठेवले म्हणजे घरात कलह माजतो, असे पुष्कळ म्हणतात. आमचा अनुभव उलट आहे. कलह लिहिण्याने होत नाही, लपविण्याने होतो. बापाने मुले व मुली एकत्र बसवून, मी असे असे करीत आहे आणि यासाठी करीत आहे, हे स्वमुखाने सांगितले, तर त्या वेळी कोणी रुसेल, कोणी दोन शब्द बोलेल. परंतु ते बोलणे ऐकावयास आणि त्याचे समाधान करावयास बाप तेथे बसलेला असतो. तो गेल्यावर उत्तर देण्यास कोणी राहत नाही, आणि भाऊबहिणी त्याच्या मनातील गोष्ट वकिलांच्या तोंडून ऐकतात. पिढीजात घर विकले गेले तरी ते पुन्हा बांधता येते. तुटलेली भावंडे पुन्हा जोडणे फार कठीण असते. म्हणून आमच्या वाचकांस आमची विनंती एवढीच की, ज्या हाताने वर्षानुवर्षे धंद्याचा ताळेबंद काढला, त्याच हाताने घराचा ताळेबंदही काढावा, तो शुद्धीत आणि सवडीने काढावा, आणि त्यात पत्नी व मुलगी यांची खाती कोरी सोडू नयेत.